पीच आंब्यासारखी अढीत घातली आणि बिघडली. कुठे चुकलं?

खाडीकाठची (रत्नागिरी)

मृग लागला की आमच्या घरात फळांची ओढाताण सुरू होते. हापूस संपलेला असतो, रायवळला पावसाचं पाणी लागून चव उतरलेली असते आणि मुलांना जेवणानंतर फळ हवंच असतं. गेल्या आठवड्यात बाजारात पीच दिसली तेव्हा मोह आवरला नाही. ४ किलोची पेटी घेतली. एकेक फळ तांबडंलाल. हाताला कडक लागत होतं, पण कडक फळ आणून घरी पिकवायचं हे तर आपलं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम.

सासूबाईंनी आणि मी मिळून अर्धी पेटी अढीत घातली. पडवीत पेंढा पसरला, त्यावर पीच, परत पेंढा, असे तीन थर आणि वरून गोणपाट. हापूसला करतो अगदी तसंच. एकदम सगळी पिकली तर खाणार कोण, म्हणून थोडी फ्रिजमध्ये ठेवली.

चौथ्या दिवशी अढी उघडली. खालच्या थरातली सात फळं नासली होती. त्यांच्यावर पांढरी लव आणि लवेच्या टोकांना काळे ठिपके. बाकीची मऊ झाली होती, रसही होता, पण गोडी नाही, नुसती पाणचट. फ्रिजमधली बाहेर काढून दोन दिवस टोपलीत ठेवली. ती बाहेरून देखणी, आतून पिठूळ. कापूस चावल्यासारखं लागत होतं आणि कोयीजवळ गर तपकिरी. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला साका धरलाय." हापूसचा गर आतून बिघडतो, तसा.

पैसे गेले त्यापेक्षा कारण कळत नाही याचा त्रास जास्त होतोय. पीच घेताना काय बघायचं, पिकवायचं कसं, आणि अजून दीड किलो कडकच राहिलीत, त्यांचं काय करू?

कलमबाग (दापोली)

ताई, तुमची अढी बरोबर होती. फळाची जात वेगळी पडली.

आपण हापूस उतरवतो तो चौदा आणे तयार झाला की. तेव्हा तो हिरवा असतो, आंबट असतो, पण गरात पिष्ट म्हणजे स्टार्च साठलेलं असतं. अढीच्या उबेत त्या स्टार्चची साखर होते. केळ्याचंही तेच. त्यामुळे पिकणं म्हणजे गोड होणं असं आपल्या मनात लहानपणापासून बसलेलं असतं.

पीचमध्ये तोडणीच्या वेळी असा साठा जवळजवळ नसतोच. त्याची साखर पानांकडून येते, फळ फांदीला असेपर्यंत. तोडलं की आत असेल तेवढीच गोडी. त्यानंतर ते मऊ होतं, वास सुटतो, आंबटपणा थोडा उतरतो आणि म्हणून जिभेला जरा गोड भासतं. साखर काही वाढत नाही. कोवळं तोडलेलं पीच कितीही मायेने पिकवलं तरी तुम्हाला मिळालं तसंच मऊ आणि पाणचट निघणार.

आता नासलेल्या फळांबद्दल. हापूसची साल दणकट असते, ती अढीची ऊब आणि वरच्या थराचं वजन सोसते. पीचची साल पातळ, वर लव, लवेत ओल अडकते. या फळाला पिकायला १८ ते २५ अंश मानवतं. आपल्याकडे जूनमध्ये घरातच २८-३० असतं, पेंढ्याखाली त्याहून जास्त, आणि हवा तर पिळून पाणी काढावं अशी. खालच्या थरातली फळं दाबली गेली, साल कुठेतरी फुटली, बुरशीला वाट मिळाली. ही बुरशी एका फळावरून शेजारच्या फळावर फार लवकर जाते.

सासूबाईंची नजर पक्की आहे, गर खरोखर साक्यासारखाच दिसतो. पण साका हापूसला झाडावरच धरतो. पीचचा पिठूळपणा थंडीने येतो. साधारण २ ते ८ अंशांच्या मध्ये, त्यातही ५ च्या आसपास, न पिकलेलं पीच बरेच दिवस राहिलं की त्याची नीट पिकण्याची ताकदच जाते. घरचा फ्रिज नेमका त्याच आकड्यांवर चालतो. तरीही चार दिवसांत इतकं होत नाही. तुमच्या घरी येण्याआधीच ती फळं बहुधा कुठेतरी थंडीत पडून होती. फळ कडक असेपर्यंत यातलं काही कळत नाही. बाहेर काढून मऊ व्हायला लागलं की दिसतं.

चुलीपाशी (गुहागर)

वाचता वाचताच उठून फ्रिजमधली सहा कडक पीच बाहेर काढली. कालच ठेवली होती. आता काय करू त्यांचं?

कलमबाग (दापोली)

एका दिवसाने काही बिघडत नाही. कोरड्या फडक्याने पुसा, सुपात किंवा रोवळीत वर्तमानपत्र घाला आणि देठाची बाजू खाली करून एकाच थरात ठेवा. फळं एकमेकांना चिकटू देऊ नका. घरातली सगळ्यात गार जागा निवडा. आमच्याकडे माजघरात माठाशेजारची लादी असते तिथे ठेवतो. वरून पातळ सुती फडकं. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको.

घाई असेल तर कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा, केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने लवकर मऊ होतील. मात्र पिशवीचं तोंड उघडं ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ बघा. कोरड्या हवेच्या गावात लोक ते गुंडाळून ठेवतात. आपल्या पावसाळ्यात तसं केलं तर आतून घाम सुटतो.

देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून किंचित दबलं आणि खोलीत शिरताच वास आला की झालं. तीन-चार दिवसांत खायचं असेल तर पिकल्यावर मगच फ्रिज. पिकलेल्या फळाला थंडी चालते.

निवृत्त सुभेदार (खेड)

नोकरीची सहा वर्षं उत्तराखंडातल्या कुमाऊंत काढली, म्हणून या धाग्यावर लिहायचा मोह होतोय. तिथे याला आडू म्हणतात. नैनिताल जिल्ह्यातला रामगड-मुक्तेश्वरचा पट्टा फळांसाठीच ओळखला जातो. जूनमध्ये तिथल्या रस्त्याने चालताना बागेच्या आधी वास येतो. हिमाचलात सिरमौर जिल्ह्यातलं राजगडही पीचसाठी नावाजलेलं. पंजाबातली फळं त्याआधी, एप्रिल-मेमध्ये उतरतात. 'शान-ए-पंजाब' ही तिकडची जात. आपल्याकडे हापूस भरात असताना ती येतात म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. जून-जुलैत येतात ती डोंगरातली. 'जुलै एल्बर्टा' नावाची जात तर नावातच महिना घेऊन येते.

ताई, तुम्ही लालीवर भुललात आणि त्यात तुमची काही चूक नाही, पहिल्या वर्षी मीही हेच केलं. एका बागवानाने हात धरून शिकवलं तेव्हा समजलं. लाल रंग म्हणजे ऊन लागल्याची खूण. फांदीच्या टोकाचं फळ कच्चं असतानाही लालबुंद होतं. बघायचा तो लालीच्या मागचा रंग, देठाच्या खळग्याभोवतीचा. तिथे हिरवट झाक असेल तर फळ कोवळं तोडलंय, घेऊ नका. पिवळ्या गराच्या जातीत तिथे सोनेरी पिवळा आणि पांढऱ्या गराच्या जातीत सायीसारखा रंग हवा. असं फळ थोडं कडक असलं तरी घ्यावं, ते घरी छान होतं.

दुसरी खूण वासाची. देठाशी नाक लावा. गार फळाला वास कमी येतो, म्हणून तळहातात मिनिटभर धरून मग हुंगा. आणि दुकानात बोटाने दाबून बघू नका, दाबलेल्या जागी दुसऱ्या दिवशी काळा डाग पडतो आणि ते फळ पुढच्या माणसाच्या वाट्याला जातं.

आपल्याकडे पेटी येईपर्यंत तिचा प्रवास केवढा होतो बघा. डोंगरातून दिल्लीची मंडी, तिथून वाशी, मग महामार्गाने आपल्या घाटांची वळणं. म्हणून पेटी घेऊ नये. आधी दोन फळं घ्यावीत, दोन दिवस घरी ठेवून खावीत, चांगली निघाली तर त्याच दुकानातून किलोभर आणावीत. दुकानदार ओळखीचा असेल तर माल कधी उतरला ते विचारावं.

जाता जाता एक गोष्ट. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगने लिहून ठेवलंय की कनिष्काकडे ओलीस राहिलेल्या चिनी लोकांनी हे फळ पंजाबच्या बाजूला आणलं, आणि तिथे त्याला 'चीनानी' म्हणत. पीचचं मूळ चीनचंच. शास्त्रीय नावात 'पर्सिका' आहे ते युरोपाला हे फळ इराणकडून मिळालं म्हणून.

मोहरी फेसलेली (चिपळूण)

पाणचट झालेल्या फळांचं रायतं करा, ताई. ती टाकू नका.

रायवळ आंब्याचं करतो तसंच. पिकलेली सहा पीच. बुडाशी सुरीने फुलीची चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट सोडायची, लगेच गार पाण्यात. साल बोटांनी सुटून येते. सुटली नाही तर फळ अजून पिकलेलं नाही असं समजायचं आणि सुरीने सोलायचं. लव गेल्यामुळे घशाला खवखव होत नाही. गराचे मोठे तुकडे करून त्यावर मीठ आणि चिरलेला गूळ घालून अर्धा तास ठेवायचं. अर्धी वाटी ओलं खोबरं, एक चमचा मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या थोडं पाणी घालून बारीक वाटायचं. मोहरी नाकात चढेपर्यंत फेसली गेली पाहिजे. वाटण तुकड्यांत कालवायचं, वरून हिंग-हळदीची फोडणी गार करून ओतायची. शिजवायचं नाही.

पीचला रायवळइतका आंबट-गोड ठसका नसतो. ती उणीव मोहरी आणि गूळ भरून काढतात. गूळ आंब्यापेक्षा थोडा जास्त लागतो. आमच्याकडे पावसात भाताबरोबर हे रायतं दोन वेळा झालं आणि दोन्ही वेळा भांडं पुसून खाल्लं गेलं.

पिठूळ झालेल्यांचं मात्र रायतं होत नाही, तोंडात भुसा येतो. ती शिजवूनच संपवायची. आणि बुरशी दिसलेलं फळ पूर्ण टाकायचं. एवढं रसाळ फळ असलं की बुरशी आतवर पसरलेली असते, डाग कापून भागत नाही.

सुंगटांची आमटी (मालवण)

कडक दीड किलोबद्दल मी सांगते. आमच्या आयेने पहिल्यांदा कडक पीच हातात घेतलं, दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाली, "ह्या काय पिकूचा नाय. कैरी घालतंस तसा सुंगटांत घाल."

तेव्हापासून आमच्याकडे कोवळं पीच निघालं की सुंगटं म्हणजे कोळंबी आणतात. विळीवर कोयीभोवती फाका काढायच्या, साल ठेवायची, पण आधी फडक्याने घासून लव काढून टाकायची. ओलं खोबरं, धणे, सुक्या मिरच्या, हळद यांचं गुळगुळीत वाटण. उकळी आली की आधी फाका टाकायच्या, त्या अर्ध्या शिजल्या की सुंगटं, मग चार-पाच मिनिटंच. सुंगटं जास्त शिजली की रबर होतात.

एक फरक लक्षात ठेवा. पीच कैरीएवढं आंबट नसतं, त्याच्या जोरावर आमटी उभी राहात नाही. दोन-तीन आमसुलं घालावीच लागतात. फाका विरघळत नाहीत, दाताखाली येतात आणि वाटणाचा रस पिऊन बसतात. मला त्या सुंगटांपेक्षा जास्त आवडतात. बांगड्याला लावून बघितलं, ते जमलं नाही. बांगड्यात घालतो त्या तिरफळाच्या वासापुढे पीच हरवून जातं.

चुलीपाशी (गुहागर)

एक शंका. आपण आमरस बाटल्यांत भरून, बाटल्या पाण्यात उकळून वर्षभर ठेवतो. पीचचा गर तसा ठेवता येईल का? फ्रीझरचा भरवसा नाही, आमच्याकडे पावसात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही.

बरणी आणि झाकण (कुडाळ)

माझा घरगुती आंबा-कोकम प्रक्रियेचा व्यवसाय आहे, त्यामुळे या प्रश्नाला थोडं लांबच उत्तर देते, कारण इथे अंदाजाने चालत नाही.

बाटलीत हवा नसते. अशा ठिकाणी बोट्युलिनम नावाचा जंतू वाढला तर तो विष तयार करतो, आणि त्याचे बीजाणू साध्या पाण्याच्या उकळीने मरत नाहीत. त्यांना अडवतं ते आम्ल. सामू म्हणजे pH, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो ४.६ च्या खाली असेल तर ते वाढू शकत नाहीत. पिवळ्या गराचं पीच बहुतेक वेळा ४ च्या आसपास किंवा खाली असतं. पांढऱ्या गराच्या काही जाती मात्र ४.६ च्याही वर जातात. खाताना त्या जास्त गोड लागतात त्या याच कारणाने, आंबटपणा कमी असतो. म्हणून पांढऱ्या गराचं पीच बाटलीत भरू नका. पिवळ्याचं भरायचं असेल तर लिंबाचा रस घाला, बाटल्या नीट उकळा, आणि झाकण फुगलेलं दिसलं तर चव न घेता फेकून द्या.

तुमच्याकडे लाईटचा असा हाल असेल तर मी साखरांबाच करायला सांगेन. सोललेल्या पीचचे तुकडे १ किलो, साखर ७५० ग्रॅम, दोन लिंबांचा रस. फळात पेक्टिन, म्हणजे पाक घट्ट धरणारा घटक, कमी असतो म्हणून तुकड्यांत दोन-तीन कडक पीच मुद्दाम घाला आणि लिंबू चुकवू नका. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा, शेवटी चार लवंगा. कधी थांबायचं ते मी वजनावर ठरवते. रिकामं पातेलं आधी तोलून ठेवायचं. आतला ऐवज आटून साधारण १३०० ग्रॅमवर आला की फळाची आणि बाहेरची साखर मिळून ६५ टक्क्यांच्या घरात जाते आणि साखरांबा टिकतो. १५०० वरच उतरवला तर श्रावणात त्यावर बुरशी येते. हे मी एका वर्षी बारा बरण्या फेकून शिकले.

बरण्या कोरड्या ठणठणीत हव्यात. पावसाळ्यात मी त्या धुऊन चुलीच्या उबेवर दोन तास पालथ्या ठेवते.

नवा सदस्य (अलिबाग)

कोय फोडली तर आत बदामासारखं बी निघतं. ते सोलून खिरीत घातलं तर चालेल का? वासही बदामाचाच येतो.

बरणी आणि झाकण (कुडाळ)

नको, कृपा करून नको. तो वास ज्या अमिग्डालिनमुळे येतो त्यातून चावल्यावर, वाटल्यावर सायनाइड तयार होतं. कडू बदामातलंच ते. बी कोयीच्या टणक कवचात असतं म्हणून फळ खाताना त्रास होत नाही, पण बी वाटून घालणं धोक्याचं, घरात लहान मुलं असतील तर फारच.

चुलीपाशी (गुहागर)

मग कोय परसात पेरली तर?

कलमबाग (दापोली)

रोप उगवेलही, पण पीच धरायची आशा ठेवू नका. पीचच्या झाडाला फुलायला हिवाळ्यात ७ अंशांखालच्या थंडीचे तास लागतात. कमी थंडीवर येणाऱ्या बहुतेक जातींनाही असे शंभराहून जास्त तास हवेत. आमच्या दापोलीला लोक मिनी महाबळेश्वर म्हणतात, तरी एवढी थंडी इथे साठत नाही. त्या जागेत कोकमाचं कलम लावा. पाच-सहा वर्षांनी सुंगटांच्या आमटीला आमसुलं घरची होतील.

खाडीकाठची (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस लिहिलं नाही कारण एकेक करून बघत होते.

कडक दीड किलोपैकी अर्धी सुंगटांत गेली. सासूबाईंनी दोन वेळा आमटी वाढून घेतली. उरलेल्यांत पिठूळ फळं घालून साखरांबा केला, पातेलं तोलून. १३०० ला थोडं पुढेच थांबले, दोन बरण्या भरल्या.

मग परवा सुभेदारकाकांनी सांगितलं तशी दोनच फळं आणली. दुसऱ्या दुकानातून. देठाशी हिरवं नव्हतं, गाभुळलेल्या चिंचेसारखी झाक होती आणि तळहातात धरल्यावर वास आला. माठाशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माजघरात वास भरला. शिवणीवरून सुरी फिरवून दोन हातांनी पिळलं तर दोन अर्धुकं अलगद झाली, कोय सुटी. माझ्या धाकट्याच्या कोपरापर्यंत रस गेला. पहिल्या पेटीतलं फळ आणि हे फळ एकाच नावाचं आहे यावर विश्वास बसेना.

काल किलोभर आणून सांदणं केली. पीचचा गर आंब्यापेक्षा पातळ असतो, म्हणून आधी दोन वाट्या गर आटवून एक वाटी केला. तो पूर्ण गार झाल्यावर त्यात दोन वाट्या तांदळाचा जाडसर रवा, एक वाटी नारळाचं दूध, पाऊण वाटी गूळ, चिमूटभर मीठ घालून तीन तास भिजवलं. वाट्यांना तूप लावून वीस मिनिटं वाफवलं. रंग आंब्याच्या सांदणासारखा पिवळाधमक येत नाही, फिकट शेंदरी येतो. वास मात्र झाकण उघडताच पडवीपर्यंत गेला. नारळाच्या दुधात बुडवून खाल्ली.

आता मोहरीताईंना एक विचारायचंय. रायत्यात पीचच्या जोडीला पिकल्या अननसाच्या फोडी घातल्या तर गूळ किती कमी करू? रविवारी नणंदेकडची माणसं जेवायला आहेत.

मोहरी फेसलेली (चिपळूण)

अननस निम्मा घालणार असाल तर गूळ तिसरा हिस्सा कमी करा आणि मीठ लावून अर्धा तास ठेवल्यावर चाखून मगच उरलेला घाला. अननसाला पाणी सुटतं, म्हणून वाटण घट्ट ठेवा. आणि फोडणी आदल्या रात्री करून ठेवली तरी चालते.